घन पदार्थातून धावणारे लिथियम

मोबाइलच्या किंवा विद्युत मोटारीच्या बॅटरीत ऊर्जा साठते ती दोन विद्युत अग्रांत. पण ती बॅटरी किती वेगाने चार्ज होते, किती वर्षे टिकते आणि बिघडली तर पेटते की नाही, हे बऱ्याच अंशी त्या दोहोंच्या मधल्या पदार्थावर ठरते. या मधल्या पदार्थाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. लिथियमचे आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावून धनभारित झालेले लिथियमचे अणू, त्याने इकडून तिकडे जाऊ द्यायचे. इलेक्ट्रॉनांना मात्र वाट द्यायची नाही. इलेक्ट्रॉनांनी बाहेरच्या तारेतून, वाटेत मोटर फिरवत किंवा दिवा पेटवत, वळसा घालून यावे, यातच बॅटरीचा सगळा उपयोग आहे.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून आजवर हा मधला पदार्थ जवळपास सगळीकडे द्रवरूप आहे. इथिलीन कार्बोनेट, डायमिथिल कार्बोनेट अशा सेंद्रिय द्रावकांच्या मिश्रणात लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार विरघळवतात आणि ते द्रावण सच्छिद्र प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात मुरवतात. काम हा द्रव उत्तम करतो. खोलीच्या तापमानाला त्याची आयनवाहकता सेंटिमीटरला सुमारे १० मिलिसीमेन्स असते. अग्रांच्या खाचाखोचांत तो आपसूक शिरतो आणि अग्र फुगले किंवा आकसले तरी त्यांचा हात सोडत नाही. दोष एकच, पण मोठा: ही द्रावके ज्वलनशील आहेत. आत शॉर्टसर्किट होऊन तापमान वाढले की पडदा वितळतो, द्रावकांची वाफ होते, धन अग्रातून सुटणारा ऑक्सिजन तिला मिळतो आणि एक घट शेजारच्या घटाला पेटवत जातो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या उभ्या पेटलेली विद्युत स्कूटर चित्रफितींमधून देशभर पाहिली गेली. त्या उन्हाळ्यात अशा आणखी काही घटना घडल्यावर केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या.

द्रवाच्या जागी घन पदार्थ आणण्याच्या खटाटोपामागे सुरक्षितता हे एक कारण झाले. उद्योगाला जास्त भुरळ घालणारे कारण वेगळे आहे, आणि ते म्हणजे लिथियम धातू. आजच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असते. लिथियमचे आयन त्याच्या थरांमध्ये जाऊन बसतात. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये फार तर ३७२ मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मावतो. ग्रॅफाइट काढून तिथे थेट लिथियम धातूच ठेवला, तर हाच आकडा ३,८६० वर जातो. ही कल्पना जुनी आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्सॉन कंपनीत असताना लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली होती. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने तर लिथियम धातूचे घट १९८० च्या दशकात विकलेही. पण द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम धातू परत जमा होताना सपाट बसत नाही. त्याला सुयांसारखे, फांद्यांसारखे कोंब फुटतात. हे डेंड्राइट पडदा भेदून पलीकडे पोचले की शॉर्टसर्किट. मोलीच्या घटांना १९८९ मध्ये आगी लागल्या आणि माल परत मागवावा लागला. सोनीच्या बॅटरीत कार्बन आला तो या धोक्यावरची तडजोड म्हणून. मध्ये कठीण, घन भिंत असेल तर हे कोंब तिथेच दबून जातील आणि लिथियम धातू पुन्हा वापरता येईल, अशी आशा पुढची कित्येक दशके संशोधकांना खुणावत राहिली.

घन पदार्थातून आयन वाहतात हे मायकेल फॅरेडे यांना १८३० च्या दशकातच दिसले होते. सिल्व्हर सल्फाइड आणि लेड फ्लुओराइड हे पदार्थ तापवले की विजेचे चांगले वाहक होतात, अशी नोंद त्यांनी केली. पुढे जर्मनीत कार्ल टुबांट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा अभ्यास केला. १४७ अंश सेल्सिअसच्या वर या पदार्थाची रचना बदलते आणि वाहकता एकदम हजारो पटींनी उसळते. इतकी की पुढे तो वितळला तरी ती वाढत नाही, उलट किंचित घटते. टुबांट यांची पद्धत साधी आणि चोख होती. पदार्थाच्या दाबून केलेल्या चकत्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि नंतर प्रत्येक चकती वेगळी करून तराजूत घालायची. कुठल्या चकतीचे वजन किती बदलले यावरून नेमके कोणते आयन सरकले ते कळे. चांदीचे आयन चालले होते, आयोडीनचे जागच्या जागी होते.

स्फटिकात अणू ठरल्या जागी बसलेले असतात हे खरे, पण ते त्या जागी थरथरत असतात आणि सगळ्याच जागा भरलेल्या नसतात. लिथियमचा आयन लहान आणि हलका. ऑक्सिजन किंवा गंधकाच्या मोठ्या आयनांनी बनलेल्या चौकटीत त्याला बसायला जागा मिळते. शेजारची तशीच जागा रिकामी असेल, तर तो उडी मारून तिथे जातो. वाटेत त्याला मोठ्या आयनांमधल्या अरुंद फटीतून घुसावे लागते आणि त्यासाठी थोडी ऊर्जा लागते. ही ऊर्जा जेवढी कमी, तेवढी वाहकता जास्त. म्हणून चांगला वाहक घडवताना तीन गोष्टी पाहतात: रिकाम्या जागा मुबलक हव्यात, त्या सलग जोडलेल्या हव्यात, आणि मधली फट ना फार अरुंद ना फार ऐसपैस. फट फार मोठी असली तर आयन एखाद्या कोपऱ्याला चिकटून बसतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. चौकट कशाची आहे यालाही महत्त्व आहे. गंधकाचा आयन ऑक्सिजनपेक्षा मोठा असतो आणि त्याचा इलेक्ट्रॉनमेघ सहज वाकतो, त्यामुळे तो लिथियमला घट्ट धरून ठेवत नाही. सल्फाइड ऑक्साइडपेक्षा सहसा चांगले वाहक का ठरतात, याचे मुख्य उत्तर हेच.

वाहकता किती पुरे, हा प्रश्न जाडीशिवाय विचारून उपयोग नाही. सेंटिमीटरला १ मिलिसीमेन्स वाहकतेच्या पदार्थाची १ मिलिमीटर जाडीची चकती घेतली, तर तिच्या दर चौरस सेंटिमीटरमागे १०० ओहम रोध येतो. वेगाने चार्ज करताना चौरस सेंटिमीटरमधून ५ मिलिअँपिअर धारा जाते असे धरले, तर एवढ्या रोधात अर्धा व्होल्ट वाया जातो. चार व्होल्टच्या घटात हे परवडणारे नाही. त्याच पदार्थाचा २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहून पातळ पापुद्रा केला, तर रोध २ ओहमवर येतो आणि नुकसान व्होल्टच्या शंभराव्या भागावर. म्हणजे १ मिलिसीमेन्स वाहकता मिळवणे ही अर्धीच लढाई. त्या पदार्थाचा अखंड, छिद्र नसलेला, न तडकणारा पातळ पापुद्रा चौरस मीटरच्या मापाने काढता येणे ही उरलेली अर्धी. प्रयोगशाळेतल्या जाड चकतीवर मोजलेल्या विक्रमी वाहकतेच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवावे.

पातळपणाने वाहकतेची उणीव कशी भरून निघते, याचे सर्वांत जुने यशस्वी उदाहरण माणसाच्या छातीत आहे. विल्सन ग्रेटबॅच यांनी हृदयाच्या पेसमेकरसाठी लिथियम-आयोडीन बॅटरी पुढे आणली. तिने चालणारा पेसमेकर १९७२ मध्ये इटलीत प्रथम रुग्णाच्या शरीरात बसवला गेला. या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट वेगळा भरतच नाहीत. लिथियम आणि आयोडीन यांचा स्पर्श झाला की मध्ये लिथियम आयोडाइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तोच इलेक्ट्रोलाइट होतो. त्याला तडा गेला तर तिथे लिथियम आणि आयोडीन पुन्हा भेटतात व तडा बुजतो. या थराची वाहकता अगदीच बेताची आहे, मिलिसीमेन्सच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. पण पेसमेकरला लागणारी धारा मायक्रोअँपिअरमध्ये मोजायची असते, त्यामुळे काही अडत नाही. बॅटरी वापरली जाते तसा थर जाड होत जातो आणि अंतर्गत रोध हळूहळू वाढतो. रोध वाढल्याचे तपासणीत दिसते, आणि बॅटरी संपण्याच्या बरीच आधी डॉक्टरांना सूचना मिळते. त्यापूर्वीच्या पारा-जस्ताच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत बदलाव्या लागत, त्या मानाने ही मोठी झेप होती. मात्र ही बॅटरी एकदाच वापरायची. तिला पुन्हा चार्ज करता येत नाही.

चार्ज होणाऱ्या आणि मोठी धारा देणाऱ्या बॅटरीसाठी पहिली आशा प्लॅस्टिकने दाखवली. पॉलिइथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात क्षार विरघळवला तर तो आयन वाहून नेतो, हे ब्रिटनमध्ये पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले. हा पदार्थ बॅटरीत वापरता येईल हे फ्रान्सच्या मिशेल आर्मां यांनी त्याच दशकाच्या अखेरीस मांडले. इथे आयनांचे चालणे स्फटिकातल्यासारखे नसते. बहुवारिकाच्या लांब साखळ्या वळवळतात आणि त्यांच्या वळवळीबरोबर लिथियम एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे सुपूर्द होतो. थंडीत साखळ्या गोठतात आणि वाहतूक थांबते. पॅरिसमध्ये डिसेंबर २०११ पासून २०१८ पर्यंत ‘ऑटोलिब’ ही भाड्याच्या विद्युत मोटारींची योजना चालली; बोलोरे समूहाच्या त्या मोटारींत लिथियम धातू आणि असा बहुवारिक इलेक्ट्रोलाइट होता. रस्त्यावर आलेली घन इलेक्ट्रोलाइटची ही पहिली मोठी फौज. बॅटरी ६० ते ८० अंशांपर्यंत गरम ठेवावी लागे, म्हणून मोटार उभी असली तरी तिला विजेला जोडलेली बरी असे. दिवसभर धावणाऱ्या बसगाड्यांत ही अडचण कमी भासते आणि तिथे हे तंत्र टिकून आहे. घरासमोर आठवडाभर उभ्या राहणाऱ्या खासगी गाडीला ते सोयीचे नाही.

अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन बेट्स यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस दुसरे टोक गाठले. लिथियम, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांची काचेसारखी फिल्म त्यांनी निर्वातात चढवली. ‘लायपॉन’ नावाने ओळखली जाणारी ही फिल्म लिथियम धातूशी हजारो वेळा चार्ज होऊनही टिकते. तिची वाहकता कमी आहे, पण मायक्रोमीटरभर जाडीत ते चालून जाते. अडचण अशी की निर्वातात थर चढवण्याचे काम सावकाश आणि महाग, आणि एवढ्या पातळ घटात ऊर्जा ती किती मावणार? त्यामुळे लायपॉन सूक्ष्म उपकरणांपुरताच राहिला. आदर्श वर्तन कसे असते हे दाखवणारा नमुना म्हणून मात्र संशोधक आजही त्याच्याकडे बोट दाखवतात.

ऑक्साइड सिरॅमिकांचा इतिहास लांबलचक आहे. सोडियमसाठी जॉन गुडइनफ आणि हाँग यांनी १९७६ मध्ये ‘नॅसिकॉन’ ही चौकट शोधली. तिच्यात सोडियमऐवजी लिथियम आणि जोडीला टायटॅनियम घालून जपानमध्ये १९९० मध्ये चांगले वाहक मिळाले. १९९३ मध्ये लिथियम-लॅंथनम-टायटॅनियम ऑक्साइड आले. त्याच्या एकेका स्फटिककणाच्या आत वाहकता १ मिलिसीमेन्सपर्यंत जाते, पण कण एकमेकांना जिथे चिकटतात त्या कणसीमांवर आयन अडतात आणि अख्ख्या चकतीची वाहकता कितीतरी खाली येते. शिवाय या दोन्ही कुळांतले टायटॅनियम लिथियम धातूचा स्पर्श होताच त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेते आणि पदार्थ इलेक्ट्रॉनांचाही वाहक होऊन बसतो. इलेक्ट्रोलाइटला याहून मोठा दोष नाही.

या कोंडीतून वाट काढणाऱ्या गार्नेटच्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा थेट आहे. जर्मनीतील कील विद्यापीठात वर्नर वेप्नर यांच्याबरोबर काम करताना वेंकटरामन थंगदुराई यांनी २००३ मध्ये गार्नेट रत्नाच्या रचनेचे लिथियमवाहक ऑक्साइड प्रसिद्ध केले. २००७ मध्ये रामस्वामी मुरुगन, थंगदुराई आणि वेप्नर यांनी त्याच रचनेत झिर्कोनियम घालून लिथियम-लॅंथनम-झिर्कोनियम ऑक्साइड बनवले. खोलीच्या तापमानाला त्याची वाहकता ०.३ मिलिसीमेन्स भरली, आणि लिथियम धातूपुढे ते जवळजवळ अविचल राहिले. मुरुगन पुढे पुदुच्चेरी विद्यापीठात आणि थंगदुराई कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात याच विषयावर काम करत राहिले.

या पदार्थाची पुढची कहाणी प्रयोगशाळेतल्या बारकाव्यांची आहे. अनेक गटांनी तीच कृती केली. कुणाला चांगला वाहक मिळाला, कुणाला त्याच घटकांतून शंभरपट वाईट. दोन वेगळ्या रचना तयार होत होत्या: घनाकृती रचना वाहक, आणि एका दिशेने किंचित दबलेली चतुष्कोनी रचना जवळपास निरुपयोगी. खोलीच्या तापमानाला शुद्ध पदार्थाची स्वाभाविक रचना चतुष्कोनीच असते. मग घनाकृती रचना टिकली कशी? उत्तर भाजण्याच्या मुशीत सापडले. मूस होती ॲल्युमिनाची, आणि १,२०० अंशांच्या वर तासन् तास भाजताना तिच्यातले थोडेसे ॲल्युमिनियम पदार्थात उतरत होते. ॲल्युमिनियमच्या एका आयनामागे लिथियमचे तीन आयन कमी होतात, रिकाम्या जागा तयार होतात आणि घनाकृती रचना थंड झाल्यावरही टिकते. हे उलगडल्यावर ॲल्युमिनियम, टँटलम किंवा गॅलियम मोजून मापून घालायला सुरुवात झाली आणि वाहकता १ मिलिसीमेन्सच्या घरात पोचली. याच भाजण्यात लिथियमची वाफ होऊन ते उडूनही जाते. म्हणून मिश्रणात ते आधीच दहाएक टक्के जास्त घालतात आणि चकती त्याच पदार्थाच्या भुकटीत पुरून भाजतात.

सल्फाइडांची गोष्ट मुख्यतः जपानची. ओसाकात लिथियम सल्फाइड आणि फॉस्फरस सल्फाइड यांच्या काचांवर वर्षानुवर्षे काम चालले होते. २०११ मध्ये टोकियो तंत्रज्ञान संस्थेचे र्योजी कान्नो आणि टोयोटाच्या संशोधकांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचे संयुग प्रसिद्ध केले. २७ अंशांना त्याची वाहकता १२ मिलिसीमेन्स होती. घन पदार्थ द्रवाच्या बरोबरीला आला होता. किंबहुना पुढेच गेला होता, कारण द्रवातून वाहणाऱ्या धारेत लिथियमचा वाटा जेमतेम तीस-चाळीस टक्के असतो, बाकीची धारा क्षाराचे ऋण आयन उलट दिशेने वाहतात. घन पदार्थात मात्र लिथियमच काय तो चालतो. त्याच गटाने २०१६ मध्ये सिलिकॉन व क्लोरिन घातलेल्या संयुगात २५ मिलिसीमेन्स आणि २०२३ मध्ये ३२ मिलिसीमेन्सपर्यंत मजल मारली.

कारखानदारांनी मात्र विक्रमवीर निवडला नाही. जर्मेनियम महाग आहे, आणि लिथियमपुढे ते टिकतही नाही. त्यांची पसंती आहे आर्जिरोडाइट रचनेच्या लिथियम-फॉस्फरस-गंधक-क्लोरिन संयुगाला, जे जर्मनीत २००८ मध्ये प्रथम वर्णिले गेले. यात गंमत अशी, की मूळ आर्जिरोडाइट हे चांदीचे खनिज आहे आणि क्लेमेन्स विंकलर यांना १८८६ मध्ये जर्मेनियम हे मूलद्रव्य त्यातच सापडले होते. बॅटरीसाठी तीच चौकट उचलताना जर्मेनियमला वगळले गेले. सल्फाइडांचा दुसरा गुण वाहकतेइतकाच मोलाचा आहे. ते मऊ असतात. गार्नेट हजार अंशांच्या वर भाजावे लागते, सल्फाइडाची भुकटी साध्या तापमानाला नुसती दाबली तरी कण एकजीव होतात. त्याची किंमत मोजावी लागते ती हवेत. दमट हवा लागताच हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सुटतो. त्यामुळे सारे काम निष्क्रिय वायूच्या पेटीत किंवा बाष्प जवळजवळ काढून टाकलेल्या खोलीत करावे लागते. अशा खोल्यांचे विजेचे बिल हा कारखान्याच्या हिशेबातला लहान आकडा नव्हे.

हॅलाइडांकडे बरीच वर्षे कुणी वळून पाहत नव्हते. पॅनासोनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये लिथियम-यिट्रियम क्लोराइड आणि ब्रोमाइड हे चांगले वाहक असल्याचे दाखवले. चार व्होल्टच्या धन अग्राजवळ ते टिकतात, लिथियम धातूजवळ टिकत नाहीत. त्यामुळे धन बाजूला हॅलाइड आणि ऋण बाजूला सल्फाइड असा जोडथर आता अनेक ठिकाणी आजमावला जातो.

म्हणजे वाहकतेचा प्रश्न, जो शंभर वर्षे मुख्य वाटत होता, तो सुटल्यात जमा आहे. गाडे अडले आहे ते दोन घन पदार्थ जिथे भेटतात त्या पृष्ठावर. एक फरशी दुसरीवर ठेवली तर त्या चार-दोन उंचवट्यांवरच टेकतात, बाकी सगळी फट. द्रव ती फट भरून काढतो, घन पदार्थ काढू शकत नाही. गार्नेटच्या बाबतीत तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइड व बाष्पामुळे पृष्ठावर लिथियम कार्बोनेटचा पापुद्रा धरतो आणि वितळलेले लिथियम अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे त्यावरून घरंगळते. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या गटाने गार्नेटवर ॲल्युमिनाचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढवून पाहिला, तेव्हा चौरस सेंटिमीटरमागचा १,७१० ओहमचा रोध १ ओहमवर आला. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. इतका मोठा फरक इतक्या पातळ थराने पडतो, यावरून दुखणे कुठे आहे ते कळते.

धन बाजूचे दुखणे वेगळे. तिथे निकेल-कोबाल्टयुक्त ऑक्साइडाचे कण, इलेक्ट्रोलाइटची भुकटी आणि थोडा कार्बन यांचे मिश्रण असते, आणि प्रत्येक कणाला लिथियम व इलेक्ट्रॉन या दोहोंचे रस्ते मिळावे लागतात. ऑक्साइडाचा कण चार्ज होताना काही टक्क्यांनी आकसतो आणि भोवतीच्या इलेक्ट्रोलाइटपासून सुटतो. शिवाय सल्फाइड आणि ऑक्साइड एकमेकांशी रासायनिक क्रियाही करतात. त्यांना दूर ठेवण्यासाठी ऑक्साइडाच्या कणांवर लिथियम नायोबेटचा पातळ लेप देण्याची युक्ती जपानमध्ये निघाली. ती आता सर्रास वापरली जाते.

आणि डेंड्राइट? कठीण भिंत त्यांना रोखेल ही आशा पुरी झाली नाही. इलेक्ट्रोलाइट लिथियमपेक्षा साधारण दुप्पट ताठर असला तर पुरे, असे गणित चार्ल्स मन्रो आणि जॉन न्यूमन यांनी २००५ मध्ये मांडले होते. गार्नेट त्या अटीहून कितीतरी अधिक ताठर आहे. तरीही सुरीने कापता येणारे हे मऊ लिथियम त्यात शिरते. ते भिंत भेदत नाही. पृष्ठावरची बारीक चीर किंवा कणसीमा शोधून तिच्यात भरते, दाब वाढवते आणि चीर पुढे पुढे फाकवत नेते. काही गार्नेटांत कणसीमांवरून थोडे इलेक्ट्रॉन झिरपतात आणि लिथियम धातू आतल्या आतच साठतो, असेही दिसले आहे. डिस्चार्जच्या वेळी उलटा त्रास. चौरस सेंटिमीटरला ३ मिलिअँपिअर-तास काढून घेतले की सुमारे १५ मायक्रोमीटर जाडीचे लिथियम नाहीसे होते. ते वेगाने काढले तर सीमेवर पोकळ्या राहतात, आणि पुढच्या चार्जिंगला सगळी धारा उरलेल्या थोड्या ठिकाणांवर एकवटते. तिथेच नवी चीर जन्म घेते. सल्फाइडांचे घट म्हणून बाहेरून दाबून धरावे लागतात. प्रयोगशाळेत पोलादी साच्यात बोल्ट आवळून हे जमते. गाडीत तो साचा बॅटरीच्या वजनात मोजला जातो.

सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलेला घट या सगळ्यावरचा आजवरचा सर्वांत विचारपूर्वक तोडगा म्हणता येईल. त्यात चार्ज होण्यापूर्वी ऋण बाजूला लिथियम धातू नसतोच. तिथे चांदी आणि कार्बनच्या सूक्ष्म कणांचा ५ मायक्रोमीटरचा थर असतो. आर्जिरोडाइटमधून आलेले लिथियम या थराच्या पलीकडे, इलेक्ट्रोलाइटला न भिडता, एकसारखे पसरते. लिटरमागे ९०० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा आणि १,००० चार्जिंग-फेऱ्या, असा निकाल त्यांनी दिला. तो ६० अंश तापमानाला मिळालेला होता, आणि घट बनवताना सर्व बाजूंनी प्रचंड दाब द्यावा लागला होता, हेही त्याच शोधनिबंधात आहे.

मोटारींच्या बाबतीत तारखा पुढे सरकत राहण्याची या क्षेत्राला सवय आहे. टोयोटाने २०१७ मध्ये २०२० च्या दशकाच्या सुरुवातीचा वायदा केला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये इदेमित्सु कोसान या तेलकंपनीशी करार करताना २०२७-२८ हे साल दिले. तेलकंपनीचा संबंध दूरचा नाही: पेट्रोलियम शुद्ध करताना गंधक निघते आणि त्यापासून लिथियम सल्फाइड करण्याचे काम ही कंपनी बरीच वर्षे करत आली आहे. दरम्यान चीनमध्ये ‘अर्ध-घन’ बॅटऱ्यांच्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या. त्यांत घन पदार्थाबरोबर थोडा द्रव किंवा जेल असतो. तंत्र म्हणून त्यात वावगे काहीच नाही, उलट सीमापृष्ठाच्या दुखण्यावरचा तो व्यवहारी उपाय आहे; जाहिरातीत ‘अर्ध’ हा शब्द बारीक अक्षरात जातो, एवढेच. सुरक्षिततेच्या दाव्याकडेही जरा सावधपणे पाहायला हवे. सिरॅमिक पेटत नाही, पण लिथियम धातू पेटतो, आणि कमी जागेत जास्त ऊर्जा कोंबलेल्या घटात शॉर्टसर्किट झाले तर उष्णताही तेवढीच एकवटते.

आज विकत मिळणारे पूर्ण घन घट लहान आहेत. सर्किट बोर्डावर इतर भागांबरोबर चिकटवण्याजोगे सिरॅमिक घट जपानी कंपन्या बनवतात. संवेदकांना आणि घड्याळांच्या चिप्सना ते पुरतात. हिताची झोसेन आणि जपानची अवकाश संस्था जाक्सा यांनी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर असा घट चार्ज-डिस्चार्ज करून दाखवला. द्रव तिथे गोठतो किंवा उकळतो. हा घट उणे ४० ते १२० अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला होता.

भारतात आयनवाहक घन पदार्थांचा अभ्यास जुना आहे. बनारस हिंदू विद्यापीठाचे सुरेश चंद्र यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ १९८१ मध्ये निघाला, आणि नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही आयनवाहक काचा व सिरॅमिकांवर पुष्कळ काम झाले.

सौर आणि पवन ऊर्जा साठवणाऱ्या मोठ्या केंद्रांचा हिशेब मोटारीहून निराळा असतो. तिथे वजनाला आणि आकाराला फारसे महत्त्व नाही, दर युनिटमागचा खर्च पाहिला जातो. म्हणून तिथे द्रव इलेक्ट्रोलाइट आणि लोह-फॉस्फेटच्या स्वस्त लिथियम बॅटऱ्यांचीच चलती आहे. सिरॅमिक इलेक्ट्रोलाइट या कामात पूर्वीच पोचले, पण ते सोडियमचे. फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात बीटा-ॲल्युमिना हा सोडियमवाहक पुढे आणला, आणि त्याच्या नळ्या वापरून जपानच्या एनजीके कंपनीने २००२ पासून सोडियम-गंधकाच्या मोठ्या बॅटऱ्या विकल्या. त्या ३०० अंशांच्या आसपास चालतात. सोडियम आणि गंधक दोन्ही वितळलेले असतात आणि मधली भिंत तेवढी घन, त्यामुळे दोन घन पृष्ठे जुळवण्याचा प्रश्न तिथे येतच नाही.